चुन्याला फुटलेली बोटं

इरा आणि कबीर,

गेल्या महिन्यात तुम्ही फोनवर एका दगडाचा फोटो पाठवला होता. फिकट पिवळ्या फरशीवर काळी, नाजूक नेच्याची पानं. खाली कबीरनं लिहिलं होतं, 'आजी, हे खूप जुनं झाड आहे ना?' मी दोन शब्दांत उत्तर दिलं, 'नाही. मँगनीज.' म्हणजे झाड नव्हे, दगडाच्या भेगेत झिरपलेल्या खनिजाची नक्षी. पाच मिनिटांत तुमच्या आईचा फोन. "आई, अगं सात वर्षांचा आहे तो. जरा गोड बोलली असतीस."

त्याच आठवड्यात इथल्या दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं. नोकरीतल्या आठवणी हव्यात म्हणाले. मी ठरवलं की दोन्ही कामं एकाच बैठकीत उरकावीत. तेव्हा हे तुमच्यासाठी आहे, आणि बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. तुमची आई तुम्हाला वाचून दाखवेल. विहिरीचा भाग आल्यावर ती रागावेल, कारण तो मी तिला अजून सांगितलेला नाही.

जळगावच्या एका कॉलेजात मी चौतीस वर्षं भूशास्त्र शिकवलं. जिल्ह्यात दगडांबद्दल काही विचारायचं तर माणसं आमच्या विभागात यायची आणि मी निवृत्त झाल्यावर मेहरूणच्या घरी यायला लागली. येताना दगड घेऊन यायची. दगड घेऊन येणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना एकच आशा असते, की हा दगड एके काळी जिवंत होता. हाड, अंडं, दात, साप, पान, एकदा तर एका गृहस्थांनी आणलेलं काळीज. मी एक वही ठेवली होती. नाव, गाव, दगड कुठे सापडला, आणणाऱ्याला काय वाटतं, प्रत्यक्षात काय आहे. शेवटच्या रकान्यात मी बहुतेक वेळा लिहायची, 'जीवाश्म नाही.'

याचं कारण तुम्हाला सांगायला हवं. तुम्ही राहता तिथून गाडीनं थोडं गेलं की डायनासोरची खरी हाडं मातीतून वर डोकावतात. तुमची आजी राहते ती जमीन लाव्हाची आहे. वितळलेला रस थरावर थर पसरला, थंड झाला, आणि त्याचा काळा पाषाण बनला. त्यात हाड सापडायची आशा म्हणजे उकळत्या तेलात बर्फ शोधणं. त्या पाषाणावर तापी आणि तिच्या उपनद्यांनी नंतर गाळ आणून टाकला. त्या गाळात क्वचित काही खरं सापडतं, पण फार क्वचित. त्यामुळे 'नाही' म्हणण्यात माझं सहसा चुकत नसे. आणि सहसा न चुकणारं माणूस हळूहळू ऐकायचं बंद करतं, हे मला फार उशिरा कळलं.

यावलकडच्या एका केळीवाल्या आबांनी अंडं आणलं होतं. गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर ठेवून. कलिंगडाएवढं, गोल, तपकिरी. मी हातोडी उचलली तशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"बाई, फोडू नका. आत पिल्लू असलं तर?"

"आबा, दगडाला कुठलं पिल्लू?"

"तुमी आत जाऊन पाह्यलं का?"

आमचा काळा पाषाण ऊनपावसानं कुजतो तेव्हा कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात आणि मधला गाभा गोल उरतो. ते 'अंडं' तसला गाभा होतं. मी नखानं एक पापुद्रा सोलून दाखवला, मग त्याच्या आतला दुसरा. आबांनी पाहिलं, गोधडी पुन्हा गुंडाळली आणि म्हणाले, "म्हणजे याचं कवच लय जाड आहे." चहा घेऊन अंड्यासकट परत गेले. पुढे कळलं की केळीच्या वखारीत त्यांनी ते पेंढ्यावर मांडून ठेवलंय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, जळगावच्या बाईंनी तपासलंय.

पाचोऱ्याचे एक दंतवैद्य वेगळ्या जातीचे. त्यांनी आणलेल्या दगडाच्या पोकळीत पांढऱ्या, टोकदार गारगोट्या ओळीनं बसलेल्या होत्या. जबडाच वाटावा. मी म्हटलं, डॉक्टर, लाव्हात हवेचे बुडबुडे अडकतात, पुढे त्यात पाणी झिरपतं आणि असे स्फटिक वाढतात. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही दगड पाहिलेत, मी दात पाहिलेत. ही दाढ आहे."

"दाढा अशा वेड्यावाकड्या, एकमेकींच्या अंगावर वाढतात का?"

"माझ्या पेशंटच्या वाढतात."

आम्ही दोघंही हसलो. पण ते खट्टू होऊनच गेले. मला वाटायचं, खरं सांगितलं की आपलं काम संपलं. समोरच्या माणसानं तो दगड का जपला, कशासाठी दोन बस बदलून आणला, हे विचारायला माझ्या वहीत रकानाच नव्हता.

आता विहिरीचं सांगते. निवृत्तीनंतरची गोष्ट आहे, फार जुनी नाही.

माझा एक जुना विद्यार्थी रवींद्र धुळे जिल्ह्यात विहिरींच्या जागा शोधून देण्याचं काम करतो. एका सकाळी त्याचा फोन आला. शिंदखेड्याच्या बाजूच्या एका गावात त्यानं पिण्याच्या पाण्याची विहीर आखून दिली होती. गावाला उन्हाळ्यात टँकरचं पाणी, त्यामुळे विहिरीकडे सगळ्यांचे डोळे लागलेले. चार परस खोल, म्हणजे चार माणसं एकावर एक उभी राहतील इतकं खोदून झालं, आणि काम बंद पडलं.

"मॅडम, मलब्यातून हाडं वर आली म्हणतात. लहान मुलाची. खोदणारे हात लावायला तयार नाहीत."

"तू पाहिलीस का?"

"पाहिली. मला वाटतं चुनखडी आहे. पण माझं कोणी ऐकत नाही. आणि मॅडम, दिसतात हो ती बोटांसारखी."

मी पाण्याची बाटली, भिंग आणि हातोडी घेतली आणि त्याच्या गाडीत बसले.

गावाबाहेर नाल्यापासून थोड्या अंतरावर विहीर होती. तिच्यावर यारी उभी होती, म्हणजे लोखंडी क्रेन, जिच्या तारेला टांगलेल्या डब्यातून माती वर येते. खोदणारी माणसं सातपुड्याच्या पायथ्याची. त्यांचा मुकादम रेमसिंग बाभळीखाली बसला होता. मी विचारलं, तुम्हाला कशाची भीती वाटते? तो म्हणाला, "भीती नाही बाई. आम्ही दगड फोडतो. माणूस नाही फोडत."

सरपंच तरुण होते, दिलीपभाऊ. त्यांनी मला सावलीत खुर्ची दिली आणि लगेच कागद पुढे करून त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त लिखी द्या, हाडं नहीत. शिक्का मी आणेल शे. बठ्ठं गाव थांबेल शे." बठ्ठं म्हणजे सगळं.

"आधी पाहू तर द्या."

मलब्याच्या ढिगाजवळ एक म्हातारी बाई जमिनीवर बसली होती. ऐंशीच्या पुढची. हिरव्या लुगड्याचा पदर ओटीसारखा धरलेला, आणि त्यात तिनं ढिगातून वेचलेले पांढरे तुकडे. करंगळीएवढे, काही त्याहून बारीक. तिला सगळे साखरअक्का म्हणत. मी हात पुढे केला तर तिनं पदर आवळून घेतला.

दिलीपभाऊ मला हळूच म्हणाले, "सकाळपासून आठेच बसेल शे. घरना बलाई थकनात, उठत नही."

मी तिच्याजवळ गुडघे टेकून बसले. कशासाठी बसलात, असं विचारलं. तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. मग सांगितलं, सावकाश, मध्येमध्ये थांबत. तिचं पहिलं मूल, मुलगा, सव्वा महिन्याचा होऊन गेला. आपल्याकडे इतक्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. तेव्हा अक्का सतरा-अठरा वर्षांची असेल. नवरा आणि दीर बाळाला घेऊन नाल्याकडे गेले आणि हातपाय धुऊन परत आले.

"बायासनी जावानं नही," ती म्हणाली. "मी इचारं, कोठे ठेवं? त्यासनी सांगं नही. म्हने, इसरी जाय. पुढे मी इचारंच नही. आते दोन्ही बी गयात. कोनले इचारू?"

मग तिनं पदर किंचित उघडला. "दख. हाई बोट शे ना?"

इरा, कबीर, मी आयुष्यभर हजारो दगड पाहिले. त्या क्षणी मला ते बोटच दिसलं. पेरं असावीत तसे मध्ये फुगवटे होते. टोकाला गोलाई होती.

मी उठले आणि दिलीपभाऊंना म्हटलं, मला खाली सोडा.

"मॅडम, तुमनं वय..."

"वय मला माहीत आहे. डबा खाली सोडा."

रेमसिंग मात्र उठला. त्यानं तार तपासली, डबा दोनदा हलवून पाहिला आणि मला कमरेला दोर बांधला. तुमच्या आईनं इथे वाचन थांबवून मला फोन करू नये. मी सुखरूप आहे, हे उघड आहे.

खाली गार होतं आणि मातीचा ओला वास होता. मी टॉर्च भिंतीवर फिरवला आणि दोन मिनिटांत मला सगळं कळलं. वरून एका जुन्या, आता गाडल्या गेलेल्या जमिनीच्या पातळीपासून पांढऱ्या काड्या खाली उतरत होत्या. वर जाड, खाली बारीक. एकीतून दोन, दोनांतून चार. हाड कधी फाटे फोडत नाही. मी एक काडी मोडली. मधोमध पेन्सिलीतल्या शिशाएवढं बारीक भोक, आणि त्याभोवती चुन्याची वलयं. हाड मोडलं तर आत जाळी दिसते, अशी वलयं दिसत नाहीत. रवींद्रचं बरोबर होतं. चुनखडीच.

मी वर आले. सगळे भोवती जमले. मी चौतीस वर्षांच्या सवयीच्या आवाजात जाहीर केलं, "हे हाड नाही. जीवाश्मही नाही. चुनखडी आहे. खोदायला काही हरकत नाही."

लोकांनी सुस्कारा सोडला. कुणी टाळीसुद्धा वाजवली. दिलीपभाऊ खुर्चीवर कागद ठेवून स्वतः शब्द सांगायला लागले. मी रेमसिंगला तो फाटा फुटलेला तुकडा दाखवला. त्यानं तो उलटसुलट पाहिला, मोडला, आतलं भोक पाहिलं. "हां," म्हणाला, "हे फोडू." आणि त्याची माणसं उठली.

मी सही केली. काम झालं होतं. परत निघायचं म्हणून वळले तर अक्का तिथेच, तशीच.

"बाई," ती म्हणाली, "मंग हाई काय शे?"

"चुना आहे, अक्का."

"चुनाले बोटं कशी फुटतस?"

हा प्रश्न मला चौतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता. कारण मी तो विचारायला जागाच ठेवत नसे. चुनखडी म्हटलं की तास संपला. आणि माझं उत्तर अर्धंच होतं. चुन्याला आपोआप बोटं फुटत नाहीत. कशाच्या तरी भोवती तो साचतो. खरं तर आमच्या शास्त्रात अशा ठशांना जीवाश्मांच्याच पंगतीत बसवतात. हे मला माहीत होतं, पुस्तकात मी ते वाचलं होतं, आणि तरी इतकी वर्षं अशा प्रत्येक काडीपुढे 'जीवाश्म नाही' लिहून मोकळी झाले होते. किती जणांना तसंच परत पाठवलं असेल, कोण जाणे.

मी तिच्या शेजारी मातीत बसले. म्हटलं, "अक्का, इथं झाड होतं. त्याची मुळं मातीत उतरली होती. मातीतला चुना त्या मुळांना बिलगला. पुढे मूळ कुजून गेलं. चुना राहिला, मुळाच्या आकाराचा. हे मधलं भोक बघा. तिथं मूळ होतं."

तिनं तुकडा डोळ्यांजवळ नेला. तिला ते भोक दिसलं असेल असं वाटत नाही. पण तिनं अंगठा त्यावर फिरवला.

"म्हंजे जित्तं व्हतं."

"हो. जिवंत होतं."

"कितला वरीस व्हयनात?"

इथे मला सोपं उत्तर सुचलं होतं. 'खूप वर्षं' म्हणून सोडून देता आलं असतं, आणि तिच्या मनात जे होतं ते तसंच राहिलं असतं. पण तिनं सरळ विचारलं होतं. साठ वर्षांपूर्वी ज्यांना विचारलं होतं त्यांनी टाळलं होतं. मी तरी टाळू नये.

"हजारो वर्षं, अक्का. हे गाव वसायच्याही आधी."

यारीचं इंजिन सुरू झालं, बंद पडलं, पुन्हा सुरू झालं.

"मंग हाऊ मना आंडोर नही."

आंडोर म्हणजे मुलगा. मी म्हटलं, "नाही, अक्का."

तिनं पदर हळूच जमिनीवर मोकळा केला. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. गुडघ्यावर हात टेकून उठली आणि मला म्हणाली, "तुले जमीन समजस ना? मंग सांग. त्यासनी त्याले कोठे ठेवं व्हई?"

असा प्रश्न मला कुणी केला असता, तर एरवी मी पुरावा नाही म्हणून तिथेच थांबवला असता. त्या दिवशी मी उलट तिलाच विचारायला लागले. महिना कोणता होता? "चैत." म्हणजे नाला कोरडा, ओलांडता आला असेल. किती वेळात परत आले? "भाकरी थापी व्हई तवलोंग उनात." भाकरी होईपर्यंत परत आले, म्हणजे लांब गेले नाहीत. बरोबर काय नेलं होतं? "फावडं. कुदळ घरच व्हती, कोपराले."

कुदळ नेली नाही, हे तिनं साठ वर्षं लक्षात ठेवलं होतं.

आम्ही दोघी नाल्याकडे निघालो. ती माझा हात धरून, की मी तिचा, सांगता येणार नाही. मी काठ पाहत चालले. अलीकडचा काठ चुनखडीनं घट्ट झालेला. चैत्रात तिथं नुसतं फावडं चाललं नसतं. त्यापुढे पाषाण उघडा. तिथून नाला वळतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी माती खाऊन नेतं आणि आतल्या बाजूला आणून टाकतं. त्या आतल्या बाजूला पिवळसर, मऊ गाळाचा एक उंचवटा होता, पुराच्या रेषेच्या वर. मी बोटांनी उकरून पाहिलं. हातानं निघत होती माती.

"नक्की नाही सांगता येणार, अक्का," मी म्हटलं. "पण फावड्यानं खोदायचं आणि लवकर परतायचं, तर माणूस इथंच थांबेल. आणि या बाजूची माती नाला नेत नाही. वर आणखी टाकतो."

"नेत नही?"

"नाही. या बाजूनं नाही."

ती बराच वेळ त्या जागेकडे पाहत राहिली. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, थोडं सुकलेलं गवत आणि शेळ्यांच्या लेंड्या. तिनं चपला काढल्या. मीही काढल्या.

तुम्हाला त्या विहिरीचं पुढे काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर इरा विचारेल. त्याच दुपारी काम सुरू झालं. काही दिवसांनी खाली पाषाणाच्या भेगेतून पाणी लागलं. रवींद्रनं फोटो पाठवला. ते मचूळ नाही, गोड आहे असं दिलीपभाऊंनी मला फोनवर तीन वेळा सांगितलं. त्या गावात आता हंडे विहिरीवर भरतात. याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही.

पण नाल्यावरचं राहिलं. अक्का उंचवट्यावर टेकली. तिनं तळहात मातीवर ठेवला, ताप बघायला कपाळावर ठेवतात तसा. मी शेजारी उभी होते. मला काहीतरी बोलायला हवं असं वाटत होतं. शास्त्रातलं, धीराचं, काहीही. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं वर न बघता हात हलवला.

"तू जाय आते, बाई," ती म्हणाली. "माले त्यानासंगे बोलनं शे."